चुकलं तर सोपं, जमलं तर अवघड

निवृत्ती जवळ आली तेव्हा सरकारनं माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि एक काळी पेटी दिली. हुकूम आणायला मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, दफ्तरात गेले, तर तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, तुमाले आता मशीनवर टाकलं." जणू मला गिरणीवर दळायला पाठवत होता. पेटीत टॅब, हेडफोन आणि चार्जर होता. एक चादर मी घरून टाकली. बहुतेक शाळांमध्ये मोकळं टेबल मिळायचं नाही. मग व्हरांड्याचा शांत कोपरा बघायचा, चादर अंथरायची आणि पोराला समोर घेऊन बसायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगावं लागतं, की सीमेपलीकडे आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातही सरकारी मराठी शाळा आहेत. आमची पोरं घरी मराठी बोलतात, बसवरची पाटी तेलुगूत वाचतात आणि दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करतात. अशा शाळांमध्ये मी उभा जन्म पहिली-दुसरी शिकवली. माझे आई-वडील दुसऱ्याच्या शेतावर राबले. आमच्या घरात पहिलं अक्षर काढलं ते मी. त्यामुळे लहान पोराच्या हातून पहिला 'ग' उमटतो तेव्हा काय होतं, ते मला जरा जास्तच कळतं. आणि आता या वयात पोरांना शिकवायचं नाही, फक्त मोजायचं, हे काही मनाला रुचलं नव्हतं.

काम असं होतं. पहिली ते तिसरीच्या पोरांना कितपत वाचता येतं, कितपत मोजता येतं हे टॅबवर तपासायचं. शाळेच्या परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर असतो. ज्याला काही येत नाही तो पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत रडकुंडीला येतो. ज्याला सगळं येतं त्याला याहून जास्त किती येतं, ते कुणालाच कळत नाही. ही परीक्षा पोरागणिक बदलते. उत्तर जमलं की पुढचा प्रश्न जरा अवघड येतो, चुकलं की जरा सोपा. बांगडीवाली कशी हात दाबून बघते, एक माप घालते, अडकलं तर मोठं घेते, सैल झालं तर लहान घेते, तसंच. शेवटी माप सापडतं. मशीन म्हणतं, हे पोर इथं आहे. पास नाही, नापास नाही. मला ही गोष्ट मात्र आवडली.

प्रश्न मी विचारायचे नाहीत. हेडफोनमध्ये एक बाई गोड आवाजात बोलते आणि पोरानं चित्रावर बोट ठेवायचं. मी फक्त हेडफोन नीट बसवायचा आणि मग चेहरा कोरा ठेवायचा. मान हलवायची नाही, हसायचं नाही, प्रश्न आपल्या तोंडानं परत सांगायचा नाही. हेडफोनचा आवाजही सगळ्यांना सारखा, कमीजास्त करायचा नाही. जन्मभर बरोबर उत्तराला 'शाब्बास' म्हणणाऱ्या बाईला हे किती जड गेलं असेल. पहिले काही दिवस मी अक्षरशः पदराचं टोक दातात धरून बसायची.

सुरुवातीला गमती झाल्या. हेडफोनमधली बाई तिकडची, पुण्याच्या वळणाची. ती म्हणे, "पेरूच्या चित्रावर बोट ठेव." आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात. पोरं समोरच्या हिरव्यागार जांबाकडे बघायची आणि पेरू शोधत बसायची. एका मुलीनं हेडफोन काढून मला समजावून सांगितलं, "मॅडम, याच्यात पेरू नाई ना. जांब हाय, केळ हाय, बोर हाय. पेरू ते इसरले टाकाले." मी वर कळवलं. कळवत राहिले. पुढच्या फेरीला तो प्रश्न बदलून केळ्याचा आला. माझ्या नोकरीतला हा एक विजय मी अजून नातवंडांना सांगते.

नार्नूरकडच्या एका शाळेत तर पहिलीतली एक पोरगी धडाधड बरोबर उत्तरं देत वर चढली आणि मग एकाएकी चुकायला लागली. घसरत पार तळाला गेली. मला वाटलं, पोर थकलं. बघते तर ती खुशीत. सोप्या प्रश्नांना सशाची चित्रं होती आणि अवघड प्रश्नांना नुसती अक्षरं. तिला ते कळलं होतं. ती सशासाठी चुकत होती. मशीननं तिचं माप लहान काढलं. मी तिच्या मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "मशीन काय म्हनते ते सोडा. ही तुमची सगळ्यात हुशार पोट्टी हाय."

तेव्हापासून एक गोष्ट लक्षात राहिली. मशीन माप खोटं सांगत नाही, पण माप तसं का आलं, हे त्याला ठाऊक नसतं. ते बघायला समोर माणूस बसवलेला असतो.

हे सगळं सांगितलं ते अंकितासाठी.

अंकिता दुसरीत होती. बाजारहत्नूरच्या पुढं एक लहान गाव आहे, आजूबाजूला कापूस आणि मधे मधे भाजीचे मळे. तिचे वडील विलास भाजीवाले. आई रेखा. मेथी-पालक खुडून जुड्या बांधायच्या आणि पहाटे बाजाराला न्यायच्या, असं घर. शाळेत पहिली ते पाचवीला दोन मास्तर. अंकिताचे मास्तर गजानन सर, तरुण, नवे, मनापासून शिकवणारे. त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर बाराखडी रंगवलेली.

अंकिता चादरीवर येऊन बसली. दोन वेण्या, स्वच्छ गणवेश, नाक थोडं वाहत होतं. मी पुसलं. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. मी नाव विचारलं, तिनं चटकन सांगितलं. वडील काय करतात विचारलं, "भाजी इकते" म्हणाली. मी हेडफोन लावला.

आधी गणित होतं. पडद्यावर ठिपके येत, दोन ढीग येत, रंगांची माळ येऊन मधला मणी हरवलेला असे. काय करायचं ते बघूनच कळायचं. अंकिता भराभर चढली. दुसरीचं संपलं, तिसरीचं सुरू झालं, तिथंही ती थांबली नाही. माझ्या मनात आलं, गजानन सरांना आनंद होईल.

मग भाषा सुरू झाली. हेडफोनमधली बाई शब्द सांगते आणि कोणत्या आवाजानं शब्द सुरू होतो ते ओळखायचं. बदक, पतंग, मगर. अंकितानं बोट उचललं आणि तसंच ठेवलं. मग कुठंतरी टेकवलं. चूक. सोपा प्रश्न आला. चूक. आणखी सोपा. ती माझ्याकडे बघायला लागली. मी नेमाप्रमाणे कोरा चेहरा करून बसलेली. ती पुन्हा पडद्याकडे बघे, पुन्हा माझ्याकडे. शेवटी मशीन तळाला गेलं, जिथून खाली प्रश्नच नाहीत. तिनं हेडफोन काढला, हळूच चादरीवर ठेवला आणि खाली मान घालून बसली.

मशीनचा निकाल आला, की मुलगी भाषेत बालवाडीच्याही खाली आहे. असं माप आलेल्या मुलांना पहिलीच्या पोरांत बसवून पुन्हा मुळापासून शिकवायचं, असा हुकूम होता.

गजानन सरांना सांगितलं तर ते दुखावले. "मॅडम, असं कसं? ही पोरगी हुशार हाय. परवा मी गोष्ट सांगितली, हिनं जशीच्या तशी परत सांगितली. मशीन चुकून राह्यलं."

"चुकूही शकते," मी म्हटलं. "पन सर, ती रोज अशीच हुशार असते का?"

त्यांनी डोकं खाजवलं. "रोज नाई. कधी कधी लय हट्ट करते. फळ्यावर काही सांगून राह्यलो असलो का तिचं ध्यानच नसते. मी दहा वेळा बोलतो, ही आपली वहीवर चित्रं काढते. पन समोर घेऊन बसवलं का सगळं येते तिले."

मी तशीच चादरीवर परत येऊन बसले. अंकिताला जवळ बोलावलं. परीक्षा संपलेली होती, आता नेम मोडला तरी मशीनचं काही बिघडणार नव्हतं. टॅब बाजूला सारला आणि तेच शब्द मी माझ्या तोंडानं विचारले.

"बदक. कोनत्या आवाजानं सुरू होते?"

"ब."

"मगर?"

"म."

"पतंग?"

"प."

मला गजानन सरांचं खरं वाटायला लागलं. पोर हेडफोनला घाबरलं असेल, म्हटलं. पण तिची नजर काही केल्या माझ्या डोळ्यांवर येत नव्हती. ती खाली होती, माझ्या ओठांवर. मी बोलायला तोंड उघडलं की तिचेही ओठ हलकेच हलत.

माझ्या हाताशी शाळेची एक पाटी पडली होती. मी ती उचलून तोंडासमोर धरली आणि त्याच आवाजात, ऐकू आलं तर पोर हसेलच असं काहीतरी म्हटलं, "अंकिता, शेपूट दाखव."

तिनं वाट बघितली. पाटीकडे बघत राहिली. मी परत म्हटलं. मग ती उठली, पाटीच्या कडेनं वाकून माझं तोंड दिसतं का ते बघू लागली.

गजानन सर दारात उभे होते. त्यांनी हातातला खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "मी फळ्याकडं तोंड करून बोलतो, मॅडम."

"सगळेच बोलतात, सर," मी म्हटलं. "मीबी तेच केलं जन्मभर."

त्या दुपारी आम्ही दोघं विलासच्या मळ्यात गेलो. विहिरीजवळच्या बांधावर मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. अंकिता आमच्याआधी पोचून आईशेजारी बसलेली, सुतळी कापून आईला देत होती. विलासनं आम्हाला खाट टाकून दिली, पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा आवळत गेला.

"मॅडम, तिले ऐकू येते," तो म्हणाला. "मी हाक मारली का येते ती. कधी कधी नाई येत, ते तिचा हट्ट हाय. आमच्यात सगळेच हट्टी."

"समोरून हाक मारता का मागून?"

"ते कोन पाहून राह्यलं?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे गावात बोलू नका. पोरीची जात हाय. एकदा बहिरी नाव पडलं का पुसता येत नाई."

रेखा जुडी बांधायची थांबली होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी एकदा पाहून तर घ्या."

विलास उठला. आमच्यावर रागावल्यासारखाच उठला. अंकिता पाठमोरी बसली होती. तो तिच्या मागं काही पावलांवर जाऊन थांबला आणि आपल्या रोजच्या आवाजात म्हणाला, "अंकिता."

ती सुतळी कापत राहिली.

"अंकिता, इकडं ये."

झाडाखाली बांधलेल्या बैलानं कान टवकारून त्याच्याकडे बघितलं. अंकितानं सुतळीचा तुकडा मोजून आईच्या हातावर ठेवला आणि दुसरा कापायला घेतला.

विलासनं तिसऱ्यांदा हाक मारली नाही. तो तिथंच बांधावर खाली बसला. रेखानं पदर तोंडाला लावला. ती मला सांगत होती का स्वतःला, कोण जाणे, पण म्हणाली, "काल मी मारलं इले. दूध उतू गेलं, मी हाका मारून राह्यली, ही येईना. मी मारलं."

अंकिताला आईचं रडणं दिसलं. तिनं कात्री खाली ठेवली आणि आईच्या मांडीवर हात ठेवून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघू लागली, कोण काय बोललं ते शोधत.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही आदिलाबादला मोठ्या दवाखान्यात गेलो. मी रजा टाकली. रेखाला शहरातला दवाखाना माहीत नव्हता आणि तिथं बोलणं सगळं तेलुगूत नाहीतर हिंदीत. विलास येणार नाही म्हणाला होता, पण बस सुटायच्या वेळी पांढरा सदरा घालून उभा होता.

कानाची डॉक्टर एक तरुण मुलगी होती, बोलणं तेलुगू वळणाचं हिंदी. आधी एका लहान बंद खोलीत ऐकण्याची तपासणी होती. अंकिताला तिथंही हेडफोन लावला आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाब. मी काचेतून तिला हातवारे करून समजावलं. ती बटणावर अंगठा ठेवून बसली. पाठ ताठ, डोळे मोठे. वेळ जात होता आणि अंगठा हलत नव्हता. कधीतरी एकदा दाबायची आणि पुन्हा वाट बघायची. तिनं काचेतून माझ्याकडे असं बघितलं, की मला चादरीवरची तिची खाली घातलेली मान आठवली.

बाहेर आल्यावर पहिली गोष्ट तिनं विचारली, "मॅडम, मी पुन्हा चुकली का?"

मी तिच्यासमोर खाली बसले, तोंड नीट दिसेल असं. "नाई बाई. इथं चूक नसते. जे ऐकू आलं नाई तेच तर डॉक्टरले पाहाचं होतं. तू बरोबर केलं."

डॉक्टरनं कान तपासले आणि म्हणाली, दोन्ही कानांच्या पडद्यामागं चिकट पाणी साचलं आहे. वारंवार सर्दी होते, ती आत उतरते. पोराला आवाज येतो, पण पाण्याखालून आल्यासारखा. शब्दांच्या कडा कळत नाहीत. म्हणून ते तोंडं वाचायला शिकतं, आणि इतकं छान शिकतं की घरच्यांनाही पत्ता लागत नाही. औषध देऊन बघायचं. नाही उतरलं तर पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढायचं आणि एक इवलीशी नळी बसवायची.

विलास इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला. "मॅडमजी, बच्ची सुनेगी ना?"

"सुनेगी," ती म्हणाली. "अच्छा हुआ अभी लाये. और देर करते तो अंदर की हड्डी खराब हो जाती. आपको पता कैसे चला?"

विलासनं माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "मशीन से." डॉक्टरला वाटलं मी कुठल्या दवाखान्यातल्या मशीनबद्दल बोलते आहे. तिनं त्या तपासणीचा कागद मागितला. मग मला सगळा खुलासा करावा लागला, की आमचं मशीन पोरांना बदक-पतंग विचारतं. ती हसली, पण ते लिहून घेतलं.

औषधानं फारसं काही झालं नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं. लहानसंच होतं, पण भूल द्यायची म्हटल्यावर विलासचा धीर पुन्हा सुटला. आदल्या दिवशी मला फोन आला. "मॅडम, तिचं भागूनच राह्यलं ना. तोंड पाहून समजते तिले सगळं. काऊन पोरीले सुईखाली टाकाचं?"

माझ्याकडे त्याला सांगायला शास्त्र नव्हतं. मी म्हटलं, "विलासभाऊ, तुमी मळ्यात असता, ती घरात असते. साप निघाला आन् तुमी तिकडून ओरडले, तर तिनं कोनाचं तोंड पाहाचं?"

फोन ठेवताना एवढंच म्हणाला, "किती वाजता याचं ते तेवढं तुमी इचारून ठेवा."

ऑपरेशनच्या दिवशी मी जाऊ शकले नाही. नेरडीगोंड्याकडच्या शाळा चालू होत्या आणि फेरी संपवायची होती. आमचं काम असं, की दिवसभराची उत्तरं टॅबमध्येच साठतात आणि रेंज मिळाली की वर जातात. आत गावांमध्ये रेंज नसते. संध्याकाळी हायवेवर आल्यावर एका चहाच्या टपरीशी थांबून मी ती पाठवायची. त्या संध्याकाळी टॅबमधून पोरांची उत्तरं वर गेली आणि माझ्या फोनवर रेखाचा आवाज आला. आवाज रडवेला होता.

"मॅडम, ती कान झाकून बसली. नर्सबाईनं ताट ठेवलं तर दचकली. म्हने, आई, सगळे काऊन एवढ्या जोरानं बोलून राह्यले?"

"मग तुमी काय म्हटलं?"

"आमी आता कानात बोलून राह्यलो तिच्याशी," रेखा म्हणाली. "तिचे बाबा तर नुसते कुजबुजून राह्यले."

मी चहा तसाच सोडून थोडा वेळ हायवेवरचे ट्रक बघत उभी राहिले.

त्यानंतर माझी एक सवय झाली. पोर चादरीवर यायच्या आधी ते पाठमोरं असतानाच मी हळूच त्याला नावानं हाक मारायची. वळलं तर हेडफोन. नाही वळलं तर आधी त्याच्या मास्तरांशी बोलणं. अशी आणखी काही पोरं सापडली. एकाच्या कानात नुसता मळ होता, तो दवाखान्यातून हसत परत आला. एका मुलीला मात्र एका कानानं काहीच ऐकू येत नव्हतं आणि येणारही नव्हतं. तिला पुढच्या बाकावर, चांगल्या कानाच्या बाजूनं बसवलं, एवढंच होऊ शकलं. मी वर कळवलं की सगळ्यांनी असं करावं. आधी उत्तर आलं की मशीनमध्ये त्यासाठी जागा नाही. मग एका प्रशिक्षणात मला उभं करून बोलायला सांगितलं. आता तपासणीला जाणाऱ्या नव्या मुलींना हे शिकवतात. कुणी सुरू केलं ते त्यांना माहीत नाही आणि त्याची गरजही नाही.

खंत एवढीच, की या कामात पोरं हातात राहत नाहीत. शिकवणारी बाई वर्षभर पोराला बघते. आम्ही अर्धा तास बघायचं, चादर झटकायची आणि पुढच्या गावाला जायचं. मशीननं तळाला नेलेल्या किती पोरांचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. काही चेहरे अजून डोळ्यांपुढं येतात. नावं आठवत नाहीत.

अंकिताचं मात्र मला बघायला मिळालं. वर्षातली शेवटची फेरी उन्हाळ्याच्या तोंडाशी असते. मी त्या गावी गेले. गजानन सर आता फळ्यावर लिहून झालं की वर्गाकडे वळून मगच बोलत. त्यांनी तिला पहिलीत बसवलं नव्हतंच. हुकूम बाजूला ठेवून रोज जेवणाच्या सुट्टीत ते तिला शेजारी घेत आणि एकेक आवाज वेगळा करून ऐकवत. ब आणि भ. प आणि फ. तिचे दोन-तीन वर्षांचे आवाज राहून गेले होते, ते ती गोळा करत होती.

हेडफोन लावला. ती पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. बाई बोलायला लागली. अंकिता पहिल्या प्रश्नाला चुकली नाही, दुसऱ्याला चुकली, मग सोपा आला तो जमला. मशीन वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. एकदा मधेच तिला हसू आलं, बाईनं 'बेडूक' म्हटलं तेव्हा. मी कोरा चेहरा ठेवायचा म्हणून भिंतीवरच्या बाराखडीकडे बघत बसले.

शेवटी मशीननं सांगितलं, की पहिलीच्या मध्याच्या पुढं. दुसरी संपत आलेल्या मुलीला हे कमीच होतं. पण ती तळाला गेली नव्हती. गजानन सरांना मी निकाल दाखवला. ते नुसते हसले आणि म्हणाले, "चढते ती. चढू द्या."

माझं त्या शाळेतलं ते शेवटचं काम होतं. निवृत्तीचा हुकूम घरी येऊन पडला होता. मी कुणाला सांगितलं नाही. गाडी शाळेपासून थोडी दूर, सागाच्या झाडांखाली लावली होती. अंकिता माझी पेटी धरायला सोबत आली. मधली वाट सगळी वाळलेल्या सागाच्या पानांनी भरून गेलेली, एकेक पान सुपाएवढं. आम्ही चालत होतो. ती मधेच थांबली. पाय उचलला, पानावर ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मॅडम," ती म्हणाली, "हे पयले बी वाजत होतं का?"

"हो," मी म्हटलं. "दरवर्षी वाजते."

तिनं यावर विचार केला. पेटी माझ्या हातात दिली, गाडीपर्यंत आली, हात हलवला आणि परत फिरली. मी आरशात बघत होते. ती वाटेच्या मधून शाळेकडे चालत नव्हती. कडेनं चालली होती, जिथं पानांचा थर जाड होता, आणि दर दोन पावलांवर थांबत होती.